खाणीची पाइपलाइन ओढ्यातून नेताना गाळ कसा अडवावा? आडवी जाळी बांधून भागेल का?

नाही भागत. तुम्ही प्रश्नातच जाळीचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांना मी हात लावत नाही. त्या जाळीपायी मी साइटवर चारचौघांत शिव्या खाल्ल्यात.

शाहूवाडीकडच्या एका बॉक्साइट खाणीवर पाइपलाइनच्या कामाला मी सुपरवायझर होतो. खड्ड्यातलं पाणी उपसून पलीकडच्या निवळणीच्या तळ्यात न्यायचं, मधे ओढा. रुंदी जेमतेम बारा पावलं, मे महिना, पाणी घोट्याच्या वर. मी म्हटलं, साहेब, वरच्या अंगाला पोत्यांचा बांध घालू, पाणी ह्यूम पाइपातनं, म्हणजे काँक्रीटच्या मोठ्या नळातनं, खाली सोडू आणि चर कोरड्यात खणू, दोन दिवस जादा जातील. साहेबांच्या मोबाइलात परदेशातल्या कुठल्याशा कामाचा फोटो होता. "ही सिल्ट फेन्स बघा, आपण हेच करू." झालं! कोल्हापुरातनं नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट आली, बांबूला बांधून ओढ्यात आडवी ठोकली आणि पोकलेन वाहत्या पाण्यात घातलं.

सिल्ट फेन्स म्हणजे गाळ अडवायचं कापडी कुंपण. फोटोतलं कापड उतारावर, जमिनीवर होतं. पावसाचं पसरून येणारं पाणी थोपवायला ते लावतात. वाहत्या ओढ्यात ते लावायचंच नसतं. पाणी तुंबतं आणि मग बुडातली माती उकरून नाहीतर कापड फाडून वाट काढतं. आमची तर साधी शेडनेट. तिच्या भोकांतनं रेतीसुद्धा आरामात जाते.

पोकलेनच्या तिसऱ्या बकेटला ओढा जांभ्याच्या रंगाचा झाला. खाली दीड किलोमीटरवर एका गावाचं जॅकवेल, म्हणजे नळाचं पाणी उपसायची विहीर. संध्याकाळी नळाला लाल पाणी, आणि सकाळी सरपंचांबरोबर पंधरा-वीस बायका साइटवर हजर. एका आजीनं भरलेली घागर साहेबांच्या पुढ्यात ठेवली. "ह्यात डाळ शिजवून दाखव बाबा." साहेब म्हणाले, माती आहे, तासाभरात खाली बसेल.

त्याच घागरीतलं पाणी मी एका बाटलीत भरलं आणि साइट ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. रेती बघता बघता बसली, संध्याकाळी बोटाच्या पेराएवढा थर होता. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी बिनदुधाच्या चहासारखं, आणि पाचव्या दिवशीही उन्हात धरलं तर तांबूस. हिशेब साधा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 10 मायक्रॉनचा कण 1 मीटर खाली बसायला साधारण 3 तास घेतो. 1 मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला शंभरपट वेळ, म्हणजे बारा-एक दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. ओढा कुठला थांबतोय! ते पाणी पुढं कासारीत, आणि कासारी प्रयाग चिखलीला पंचगंगेत. एकदा माती पाण्यात मिसळली की अडवायचं विसरा. पाणीच चरापासून लांब ठेवा, बाकी सगळी मलमपट्टी.

तर तुमच्यासाठी. पाइप आधी काठावर जोडून, टेस्टिंग करून तयार ठेवा, मगच ओढ्याला हात लावा. बांध वर आणि खाली दोन्हीकडं. पोत्यांत धुतलेली रेती, माती नको, आणि पोत्यांना प्लॅस्टिकचा कागद. पाणी ह्यूम पाइपातनं नाहीतर उपशाचं इंजिन लावून पलीकडं काढा. इंजिन दोन आणा, एक बंद पडणारच. चरात झिरपलेलं पाणी परत ओढ्यात सोडू नका, लांब गवताच्या पडीत सोडा. तळातले गोटे वेगळे काढून ठेवा आणि शेवटी वर तेच अंथरा. दोन्ही काठांत चरात चिकणमातीचा घट्ट बूच ठोका, नाहीतर चराचीच गटार होते. बांध काढायच्या आधी आतलं गढूळ उपसा, मग खालचा आधी, वरचा नंतर, सावकाश.

उकरलेल्या मातीचा ढीग काठावर ठेवू नका. आमचा ठेवला होता, ताडपत्रीही नव्हती. घागरींच्या तिसऱ्या दिवशी वळीव आला आणि अख्खा ढीग जाळीसकट ओढ्यात गेला. मागच्या वर्षी एका लग्नात साहेब भेटले, अजून म्हणतात, वळवानं घात केला हो. मे महिन्यात वळीव येणार नाही तर काय दिवाळीत येणार? शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका.

हे सगळं छोट्या ओढ्याचं झालं. भोगावतीएवढी नदी असेल तर पोत्यांचा नाद सोडा, पाइप पुलावरनं न्या किंवा तळाखालनं ड्रिल करून. कातळ असेल तरी हिशेब बदलतो. आणि काँक्रीट करणार असाल तर मिक्सर धुतलेलं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका, त्यानं मासे मरतात.

आणि हो, पोकलेन उतरवायच्या आदल्या दिवशी खालच्या गावच्या मोटर सोडणाऱ्या माणसाला सांगा. तो टाकी भरून घेईल आणि दोन दिवस मोटर बंद ठेवेल. आम्ही सांगितलं नव्हतं. ते काम साहेबांचं नव्हतं, माझं होतं.