हरवलेला रोमन रस्ता शोधताना

आधी हवाई फोटोची, म्हणजे वरून काढलेल्या फोटोची तारीख बघा. इंग्लंडमधलं शेत एरवी फारसं बोलत नाही. जून-जुलैत पाऊस ओढ देतो तेव्हा बार्लीचं पीक सगळं ओकतं. 2018 चा कोरडा उन्हाळा त्यासाठी सोन्यासारखा. दगड-खडी ठोकलेल्या रस्त्यावर मुळं खोल जात नाहीत, तिथं पीक लवकर पिवळं पडतं. दोन्ही कडेच्या बुजलेल्या चरांत मात्र ओल टिकते. मधे पिवळा पट्टा आणि बाजूंना दोन हिरव्या रेघा दिसल्या की थांबा, पण लगेच नाचू नका. मी एकदा आठवडाभर एका रेघेमागे धावलो. निघाली पाण्याची पाइपलाइन! ट्रॅक्टरच्या चाकोऱ्याही फसवतात, पण त्या बहुधा बांधापाशी संपतात. रस्ता बांध ओलांडून पुढच्या शेतात शिरतो. म्हणून रेघ नकाशावर पुढे ताणा. स्ट्रेटन, स्ट्रॅटफर्ड अशा नावाचं गाव (नावात ‘स्ट्रीट’, म्हणजे रस्ता, दडलाय) किंवा पॅरिशची, म्हणजे चर्चच्या जुन्या इलाख्याची, सरळ हद्द लागते का पाहा. हे रस्ते सरळ, पण अखंड सरळ नव्हेत. वळण बहुधा टेकडीच्या माथ्यावर. आणि लायडारचे, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजून केलेले नकाशे जोडीला ठेवाच, इंग्लंडचे बरेचसे फुकट मिळतात. नांगरून जवळपास सपाट झालेला रस्त्याचा उंचवटाही त्यात कधीकधी दिसतो.