वाचकांचे प्रश्न : उद्योग चालवताना मनाचे अवधान

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गुहागर तालुक्यातील एका गावात मी कोकम सरबत, आगळ, आमसुले आणि आंबापोळी करून विकते. गावातल्याच चार बायका माझ्याकडे कामाला येतात. आमच्या घरी पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची उपासना आहे, त्यामुळे पहाटे सोऽहं साधनेला बसते आणि तेवढा वेळ मन निवांत असते. पण रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पहिली टोपली पडवीत आली, की ते सारे संपते. मोबाईलवरच्या मागण्या, बाटल्यांची वाट, कोणाची रजा, कोणाचे पैसे यांत दिवस जातो आणि संध्याकाळी लक्षात येते, की दिवसभरात कोणाचेच बोलणे मी पुरते ऐकलेले नाही. त्यात पुण्याच्या एका व्यापाऱ्याने मोठी मागणी देऊ केली आहे. त्याची अट अशी, की सरबताचा रंग दिवाळीपर्यंत लालभडक राहावा, त्यासाठी थोडा खायचा रंग घालावा, आणि बाटलीवर मात्र ‘नैसर्गिक’ असेच छापावे. घरातले म्हणतात, सगळेच असे करतात. मी देवघरात बसून कौल मागते, तर एके दिवशी ‘घे’ असे वाटते आणि दुसऱ्या दिवशी ‘नको’. आतला आवाज ओळखावा कसा? आणि पहाटेची शांतता कामाच्या वेळी टिकते का?
— एक वाचक भगिनी, जि. रत्नागिरी

उत्तर : मृग जवळ आला की रातांबे झाडाखाली कुजतात आणि वाळवणाला ऊन मिळत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याला उत्तर देणे तुम्हाला लांबवता येणार नाही. म्हणून त्याचेच आधी पाहू.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत : मोठी मागणी घ्यावी का, आणि रंग घातलेले सरबत नैसर्गिक म्हणून विकावे का. दुसऱ्या गोष्टीसाठी आतल्या आवाजाची वाट पाहण्याचे कारण नाही. कृत्रिम रंग घातला असेल तर तसे वेष्टनावर लिहिणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी तुमच्या बाटलीवर विश्वास ठेवून ती आपल्या लेकरांना पाजणाऱ्या माणसाशी ते खोटेच ठरले असते. ‘सगळेच करतात’ या वाक्याने ते खरे होत नाही. हे एकदा बाजूला काढले, की पहिली गोष्ट मोकळेपणाने विचारात घेता येते.

आपल्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात तेव्हा गुरव देवाच्या अंगावर फुले किंवा पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडचे पडले की डावीकडचे यावरून देवाचा होकार किंवा नकार समजतात. त्या रीतीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, तिच्यातील एक शहाणपण मला फार मोलाचे वाटते : गाऱ्हाणे चारचौघांत, मोठ्याने घालावे लागते. देवघरात एकट्याने विचारलेला प्रश्न आपण नकळत आपल्या सोयीने मांडतो. तुम्ही बहुधा ‘ही मागणी घेऊ का’ असे विचारत असाल. त्याऐवजी कामाच्या चार बायका आणि घरची माणसे यांच्यासमोर, ‘रंग घालून, ते न सांगता, हे सरबत विकू का’ असे शब्द उच्चारून पाहा. जो प्रश्न मोठ्याने विचारताना जीभ अडखळते, त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते.

‘घे’ आणि ‘नको’ यांचे आलटून पालटून येणे हेही नीट पाहण्यासारखे आहे. एका वहीत आठवडाभर, ज्या दिवशी जे वाटले ते लिहा, आणि त्या दिवशी काय घडले होते तेही लिहा. बँकेचा हप्ता जवळ आला तेव्हा ‘घे’ वाटले का? शेजारणीने टोमणा मारला तेव्हा ‘नको’ वाटले का? तसे असेल तर बोलत होती ती काळजी किंवा दुखावलेपण, आणि त्यांचेही ऐकायला हवे, पण निर्णय त्यांच्या हाती द्यायला नको. भीती आणि हाव या दोघींना घाई असते, आणि त्या बहुतेक वेळा काहीतरी झाकून ठेवायला सांगतात. विचार रात्र उलटल्यावरही तोच राहत असेल, कोणापासून लपवावा लागत नसेल, आणि हिशेबाच्या वहीतील आकड्यांशी त्याचे भांडण नसेल, तर त्याच्यावर विसंबायला हरकत नाही. हिशेबाची वही मी मुद्दाम घातली आहे. साधना करणारी पुष्कळ माणसे आकड्यांना प्रापंचिक मानून टाळतात आणि मग उद्योग बुडाला की ती ईश्वरेच्छा समजतात. साखर, बाटल्या, मजुरी, वाहतूक आणि फुटतूट धरून एका बाटलीला किती खर्च येतो हे कागदावर मांडणे हीसुद्धा ऐकण्याचीच रीत आहे, कारण खरी परिस्थिती तुम्हाला तिथेच भेटते.

आता व्यापाऱ्याला काय सांगावे? कोकमाचा लाल रंग त्याच्या सालीतील नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो, आणि उष्णता व उजेड यांनी तो हळूहळू फिका पडतो. हे त्याला स्पष्ट सांगा. बाटल्या सावलीत आणि थंड जागी ठेवल्या तर रंग अधिक काळ राहील, तरीही दिवाळीपर्यंत तो थोडा उतरेल, आणि वेष्टनावर आपण ‘रंगात फरक पडणे स्वाभाविक आहे’ असे छापू, अशी अट तुम्ही घाला. मागणी निम्मी होईल किंवा जाईलही. तो तोटा खरा आहे, आणि तो सोसावा लागला तर मला वाईटच वाटेल.

बायकांचा विषय मला याहून महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. त्यांच्या उपासनेत सारे जण शांत बसतात. ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो बोलतो, आणि बाकीचे लगेच प्रत्युत्तर न देता ते बोलणे मनात मुरू देतात. विशेष हे, की संस्थेचा कारभार पाहण्याच्या सभाही ते याच रीतीने चालवतात. सभा मौनाने सुरू होते, मतदान होत नाही, सभेचा कल काय झाला हे कार्यवाह तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो, आणि एकवाक्यता नसेल तर विषय पुढे ढकलला जातो. व्यापारातही हे दिसले. घासाघीस हीच बाजाराची रीत होती त्या काळात त्यांच्या दुकानदारांनी सर्वांना एकच भाव ठेवला, कारण आधी चढा भाव सांगून मग उतरणे त्यांना असत्य वाटे, आणि त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईकही त्यांच्याकडे निर्धास्त जाऊ लागले. बर्मिंगहॅममध्ये १८२४ साली चहा, कॉफी आणि पेयाच्या चॉकलेटचे दुकान उघडणारे जॉन कॅडबरी याच पंथाचे होते.

ही पद्धत जशीच्या तशी तुमच्या पडवीत आणण्याचे कारण नाही. पण सकाळी कामाला हात घालण्याआधी पाचही जणींनी थोडा वेळ शांत बसावे, आणि मग दिवसाच्या कामाविषयी प्रत्येकीने बोलावे, असे करून पाहा. त्यात दोन पथ्ये पाळा. मालकीण म्हणून तुम्ही सर्वांत शेवटी बोला, कारण तुम्ही आधी मत दिले की मजुरी घेणारी बाई सहसा विरुद्ध बोलणार नाही. आणि ते बसणे सक्तीचे करू नका. एखादीची श्रद्धा वेगळी असेल, एखादीला तेवढ्यात चार रातांबे फोडून घ्यावेसे वाटेल, तर तिला तसे करू द्या. साखरेचे थर देऊन उन्हात ठेवलेल्या सालींना पुरेसा रस सुटला की नाही, आमसुलांना रसाचे आणखी एक पुट हवे का, हे ज्या हातांना कळते ते हात बहुधा तुमचे नसून त्यांचे आहेत. मोठी मागणी पावसाआधी पुरी होईल का, याचे खरे उत्तरही त्यांच्याकडेच आहे. त्यांनी ‘नाही होणार’ असे सांगितले आणि ते ऐकल्याने तुमचे पैसे जाणार असले, तरी तुम्ही ते ऐकता का, यावरून तुमचे मौन किती खरे होते ते त्यांना कळेल.

राहिली पहाटेची शांतता. स्वामी स्वरूपानंदांनी (१९०३–१९७४) सांगितलेली सोऽहं साधना श्वासाशी जोडलेली आहे, आणि श्वास देवघरात ठेवून कोणी कामाला जात नाही. दिवसभर जप चालवण्याचा अट्टहास मात्र नको. कढत पाकाशी काम चालू असताना लक्ष पाकावरच हवे. त्याऐवजी दिवसातील काही ठराविक जागा धरा. फोन उचलण्याआधी एक श्वास सावकाश घ्या. रातांबे घेऊन येणाऱ्या बाईसमोर टोपलीचे वजन करताना हातातले दुसरे काम खाली ठेवा, काटा तिलाही दिसेल असा ठेवा, आणि ती बोलत असेल तर तिच्याकडे पाहा. मोबाईलवरच्या मागण्यांना दुपारी आणि संध्याकाळी अशा दोनच वेळा उत्तर द्या आणि तसे गिऱ्हाइकांना कळवून ठेवा. शनिवारी मजुरी देताना नुसती पाकिटे वाटू नका, प्रत्येकीशी दोन शब्द बोला.

एक विनंती आग्रहाने करते. ही सारी साधना बाटलीवर छापू नका. स्वामींचे चित्र, ‘ध्यानपूर्वक बनवलेले’ असले शब्द, यांतले काहीही नको. ज्या क्षणी उपासना विक्रीला लागते, त्या क्षणी आपले कान गिऱ्हाइकाच्या टाळीकडे लागतात, आणि मग आतले ऐकणे फार कठीण होऊन बसते.

प्रश्न : मालवणात आमची छोटी खाणावळ आहे. हंगामात पर्यटकांची गर्दी असते आणि कोणी चढ्या आवाजात बोलले की माझा तोल जातो. रोज ध्यान करूनही असे का होते? शांत राहायचे म्हणजे सगळे ऐकून घ्यायचे का?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ध्यान करणाऱ्यालाही राग येतो, भुकेची वेळ, चुलीची धग आणि रांगेतील माणसे असताना तो येणारच. ध्यानाने राग येण्याआधीची एखाद्या क्षणाची जागा मोकळी होते, तिचा उपयोग करायला शिकावे लागते. माणूस तक्रार सांगत असेल तेव्हा मध्ये बोलू नका आणि मनात उत्तरही जुळवू नका. त्याचे संपले की त्याने काय म्हटले ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगा : ‘तुमचे म्हणणे असे, की सुरमई शिळी होती आणि पैसे ताज्या माशाचे घेतले.’ बहुतेक आवाज एवढ्यानेच खाली येतात, कारण त्या माणसाला आपले म्हणणे पोहोचले आहे की नाही याचीच शंका असते.

मात्र यानंतर खरे बोलावे लागते. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. गिऱ्हाईक ‘ताजा आहे का’ असे विचारते तेव्हा तसेच सांगा, आणि फळ्यावरही लिहून ठेवा. खाडीची मासळी मिळाली असेल तर तीही सांगा. ज्याला ते नको असेल त्याला सोलकढी, उसळ आणि भाकरीचे चांगले ताट द्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तक्रार ऐकणे आणि अपमान सोसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वाढणाऱ्या मुलावर कोणी हात उगारला किंवा स्वयंपाकाच्या बाईला घाणेरडे बोलले, तर आवाज न चढवता ‘तुमचे पैसे घेत नाही, आपण उठावे’ असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ते तुम्हीच, सर्वांसमोर सांगा. मुलाला पुढे करू नका. आणि गर्दी ओसरल्यावर त्या मुलाजवळ बसून, त्याला काय झाले ते त्याच्या तोंडून ऐकून घ्या.