नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा वाचवायचा आहे, गट आठ जणांचा, पैसा नाही. लोकांपर्यंत पोहोचायचं कसं?

आधी वाडा शहराच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, ते बघा. यादीतल्या वास्तूला हात लावायचा तर हेरिटेज समितीची परवानगी लागते. बातमीचा कणा तोच.

मग पत्रकाराला 'आपला वैभवशाली वारसा' छापाचं पत्रक पाठवू नका. आम्ही पाठवलं होतं, कोणी वाचलंही नाही. नंतर भिंतीतून फुटलेल्या पिंपळाचे दोन फोटो पाठवले, एक जूनमधला, एक ऑक्टोबरमधला, सोबत चार ओळी. दुसऱ्याच दिवशी फोन आला. नागपुरातल्याच कस्तुरचंद पार्कच्या मैदानात जुन्या तोफा सापडल्या, तेव्हा त्याची लगेच बातमी झाली होती. लोकांना वस्तू दिसली पाहिजे, बस.

रविवारी सकाळी गांधी गेटपासून फेरी काढा, शेवटी तर्री-पोहे ठेवा (गर्दी निम्मी त्यासाठीच येते, येऊ द्या). 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, पण तेव्हा ऊन मी म्हणतं, साडेसहालाच निघा.

आणि वाड्याच्या मालकाला खलनायक करू नका. गळकं छत त्याच्या डोक्यावर आहे, आपल्या नाही.