एकटीने बाळाला पाण्यात नेताना

"बाळाला पोहायला न्यायचंय, पण सोबत कुणी नाही. मला एकटीला जमेल का?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वारंवार येतो. पुण्यातल्या सोसायट्यांमधून येतो, तसाच परदेशातून ऑनलाइन बोलणाऱ्या आयांकडूनही येतो. त्यातल्याच एकीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी सातारा जिल्ह्यातली, लग्नानंतर इंग्लंडला गेलेली. बाळ पाच महिन्यांचं. बाळंतपणासाठी गेलेली आई व्हिसाची मुदत संपल्यावर परत आली होती आणि नवरा सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी उशिरा घरी यायचा. तिकडे बाळ-बाळंतिणीची चौकशी करायला घरी नर्स येते, तिला हेल्थ व्हिजिटर म्हणतात. त्या बाईंनी सुचवलं, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, तलावावर लहानग्यांसाठी उथळ, कोमट पाण्याचा भाग आहे, बाळाला घेऊन जात जा, घराबाहेरही पडशील. हिने दोनदा बॅग भरली आणि दोन्ही वेळा दारातूनच मागे फिरली.

मी विचारलं, "पाण्याची भीती वाटते का?"

"मला? ताई, मी विहिरीत शिकलेय पोहायला. काकांनी पाठीला डबा बांधून ढकललं होतं. नंतर तर कठड्यावरून सूर मारायचे."

मग मी तिला म्हटलं, घराचं दार ओढून घेतल्यापासून परत येईपर्यंत सगळं क्रमाने सांग, जणू जाऊनच आलीस. बस, तिकीट, कपडे बदलणं, पाण्यात उतरणं, सगळं सांगताना ती कुठेही अडखळली नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मात्र अडली. "तो ओला, मी ओली, फरशी ओली. तो भुकेने रडतोय, कपडे लॉकरमध्ये. आणि हात दोनच."

हे मी अनेक आयांकडून ऐकलं आहे. पाण्यातली वीस मिनिटं कुणालाच फारशी छळत नाहीत. छळतात ती कपडे बदलायच्या खोलीतली दहा. म्हणून उपायही तिथेच शोधायला हवा. पण त्याआधी मला एक गोष्ट विचारायची होती: बाळाला अंघोळ कोण घालतं?

ती गप्प झाली. मग सांगू लागली. आई होती तोवर आईच घालायची. पाय लांब करून, बाळाला पायांवर पालथं घेऊन, तेल चोळून, वर पाण्याचे तांबे. हिचं काम टॉवेल घेऊन उभं राहायचं. आई भारतात परतल्यावर शनिवार-रविवारी नवरा घरी असताना अंघोळ, एरवी ओल्या कपड्याने पुसून घेणं. ओलं, निसरडं बाळ एकटीने हातात धरलंय असं या मुलीच्या बाबतीत एकदाही घडलं नव्हतं. आजीच्या अनुभवी हातांनी बाळाचं सगळं छान झालं, पण आईच्या हातांना सवयच लागली नाही. परगावी, परदेशी राहणाऱ्या कितीतरी मुलींचं हेच होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून आम्ही तलाव बाजूला ठेवला आणि अंघोळ हाती घेतली. टबमध्ये चार बोटं पाणी, बाळाची मान आपल्या मनगटावर, त्याच हाताने त्याचा पलीकडचा दंड काखेजवळ धरलेला, दुसरा हात मोकळा. टॉवेल, कपडे, लंगोट आधीच हाताशी. काही राहिलं असेल तर बाळाला उचलून सोबत न्यायचं. पाण्यात एकटं ठेवून क्षणभरही वळायचं नाही. नवरा घरी असेल तेव्हा शेजारच्या खोलीत बसेल, पण हात लावणार नाही, असं ठरलं.

दुसऱ्या भेटीत तिने हळू आवाजात सांगितलं, "अंघोळ घालताना मला सारखं दिसतं की तो हातातून निसटला, खाली गेला. आई असून असलं का येतं मनात?" अशी नको ती चित्रं मनात येणं नव्या आयांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. चित्र दिसलं की तिचा जीव घाबरा व्हायचा, पकड घट्ट व्हायची. जे आपल्याला मुळीच घडायला नको आहे, तेच मन अशा वेळी पुन्हा पुन्हा दाखवतं. विचार आला म्हणजे तसं करायची इच्छा आहे असं नसतं. हे तिला मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. तरीही एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी ही दहा प्रश्नांची प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे. तिचे गुण काळजीचे नव्हते. पण बाळ झोपल्यावरही आईला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, कुणाचे तरी आवाज ऐकू येत असतील, तर पोहण्याचा विषय तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

अंघोळ तिच्या हाती बसल्यावर आम्ही तलावाकडे वळलो. पहिल्या फेरीत पाण्यात उतरायचंच नाही. बाळाला बाबागाडीत घालून नुसतं बघून यायचं आणि काउंटरवर चार गोष्टी विचारायच्या: लहान तलावाचं पाणी किती अंश असतं, उतरायला पायऱ्या आहेत की शिडी, बाळासह कपडे बदलायला मोठी खोली आहे का, आणि गर्दी कधी नसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला 32 अंशांचं पाणी लागतं; मोठ्यांच्या तलावाचं पाणी त्याला गार पडतं. लस पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही, असं तिथली सरकारी आरोग्यसेवा सांगते. आईने मात्र बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबून सात दिवस होईपर्यंत पाण्यात उतरू नये.

शिडी असेल तर बाळाला कडेवर घेऊन उतरायचं नाही. एक हात बाळाला आणि एक शिडीला, यात तोल जातो. पायऱ्याच हव्यात.

मग कपडे बदलायच्या खोलीतल्या त्या दहा मिनिटांची घडी बसवली. पोहण्याचा पोशाख घरूनच कपड्यांच्या आत घालायचा. बाळाचा पोहण्याचा लंगोट तिथे पोचल्यावर, अगदी शेवटी; त्यात शी अडते, शू अडत नाही, त्यामुळे बसमध्ये घातला तर मांडी भिजणार. साधा डायपर पाण्यात फुगतो, तो चालत नाही. बाहेर आल्यावर आधी बाळ: टॉवेल, कोरडे कपडे, टोपी. आई तोवर जाड टॉवेलच्या झग्यात. त्याच झग्यात बसून बाळाला पाजायचं आणि ते शांत झालं की स्वतःचे कपडे. केस ओले राहिले तर राहू देत. बदलायच्या टेबलावर पट्टा असला तरी एक हात बाळावरच.

पहिल्यांदा पाण्यात दहाच मिनिटं, बाळ थरथरलं तर त्याआधीच बाहेर. पाण्यात त्याच्या काखांखाली हात घालून धरून, तोंड आपल्याकडे, खांद्यांपर्यंत पाण्यात ठेवायचं आणि बोलत राहायचं. बुडवायचं नाही. इतकी लहान बाळं आपोआप श्वास रोखतात असं सांगून बुडवण्याचे व्हिडिओ फिरतात, पण ती प्रतिक्रिया भरवशाची नसते आणि बाळ पाणी गिळतं. गळ्याभोवती फुगवायच्या रिंगही आणू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये त्याबाबत इशारा दिलेला आहे.

आपल्याकडच्या आयांसाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. सोसायटीच्या तलावाचं पाणी बहुधा गरम केलेलं नसतं, आणि पुण्यात डिसेंबरात छोट्या तलावाचं पाणीही बाळाला सोसण्यासारखं नसतं. अनेक ठिकाणी दुपारी जीवरक्षक नसतो. एकटीने जाणं म्हणजे नवऱ्याशिवाय, सासूबाईंशिवाय जाणं; ओसाड तलावावर जाणं नव्हे. काठावर जीवरक्षक नसेल तर जाऊ नका. आईला फिट येत असेल किंवा गुंगी आणणारं औषध चालू असेल तरीही एकटीने नको, हे मी ठामपणे सांगते. आणि बाळाला जुलाब झाले असतील तर ते थांबून किमान दोन दिवस कुणाच्याच तलावात पाऊल नको.

ती गेली. आधी बघायला, मग पाण्यात. बाहेर आल्यावर तो व्हायचा तितका रडलाच. शेजारच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी न विचारता हिची बॅग उघडून टॉवेल पुढे केला. "मला वाटलं होतं सगळे बघतील," ती म्हणाली. "बघितलंच सगळ्यांनी, पण वाईट नाही वाटलं."

आता ती बहुतेक मंगळवारी जाते. मागच्या मंगळवारी तिचा मेसेज आला: "रात्रभर दातांनी हैराण होता, मी धड झोपलेच नाही. आज नाही जात. गुरुवारी बघू." मी लगेच उत्तर दिलं, "योग्य केलंस. आता तो झोपेल तेव्हा तूही झोप."