वाचकांचे प्रश्न : आठ फुटांचा माणूस आणि त्याचा निर्माता

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही इंग्रजी कादंबरी आणि रोमँटिक काळातल्या (अठराव्या शतकाची अखेर ते एकोणिसाव्याचा पूर्वार्ध) युरोपीय साहित्यात देवाची जागा घेऊ पाहणारी माणसं, या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव ना?

नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा त्याला घडवणारा जिनिव्हाचा तरुण. तो डॉक्टरही नाही, इंगोलश्टाट विद्यापीठातला विद्यार्थी आहे. घडवलेल्या जीवाला पुस्तकभर नाव मिळत नाही. १८२३ साली लंडनमध्ये या कथेवर नाटक आलं, तेव्हा पात्रयादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापली होती. मेरी शेलीला ती कल्पना आवडली होती. बाप नाव ठेवतो. इथे ते कुणी ठेवलंच नाही, हे लक्षात ठेवून पुढे वाचावं.

प्रश्न : चित्रपटांत वादळ, विजेचा लोळ, मोठमोठी यंत्रं दिसतात. पुस्तकात व्हिक्टर नेमकं काय करतो? कृती दिली आहे का?

पूर्ण कृती नाही, आणि ती मुद्दामच दिलेली नाही. व्हिक्टर आपली कहाणी वॉल्टन नावाच्या, उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या धाडसी माणसाला जहाजावर सांगतो. वॉल्टनच्या डोळ्यांतली उत्सुकता पाहून तो थांबतो आणि हे रहस्य तुला सांगणार नाही, असं बजावतो. तरीही तुकड्यातुकड्यांनी बरंच हाती लागतं.

सुरुवात मरणाच्या अभ्यासानं होते. थडग्यांच्या तळघरांत रात्रंदिवस बसून शरीर कसं कुजत जातं ते तो पाहतो. मग सामान गोळा होतं : हाडं मृतांचे अवशेष ठेवायच्या कोठ्यांतून, बाकीचं शवविच्छेदनाच्या खोलीतून आणि कसाईखान्यातून. कसाईखाना हा शब्द बरेच वाचक ओलांडून जातात. त्याचा अर्थ असा की या देहात जनावरांचे अवयवही असावेत. जागा म्हणजे घराच्या अगदी वरची, इतर खोल्यांपासून जिन्यानं तुटलेली एक खोली. वेळ लागतो जवळजवळ दोन वर्षं.

आता उंचीकडे या, कारण सगळी गोम तिथे आहे. माणसाच्या मापाचा देह करायला घेतला तर शिरा, स्नायू फार बारीक पडतात आणि काम रेंगाळतं. म्हणून व्हिक्टर मूळ बेत बदलतो आणि सुमारे आठ फूट उंचीचा, त्याच प्रमाणात रुंद देह करायचं ठरवतो. कारण फक्त घाई. त्या देहात ज्याला जगायचं आहे त्याचं पुढे काय होईल, हा विचार त्या क्षणी त्याच्या मनाला शिवत नाही. अवयव त्यानं सुंदर निवडलेले असतात : काळेभोर चमकदार केस, मोत्यासारखे दात. पण पिवळी कातडी खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकते, ओठ काळे पडलेले, डोळे पाणावलेले. पुढे या जीवाशी प्रेमानं बोलणारा एकच माणूस भेटतो, म्हातारा द लासी, आणि तो आंधळा आहे. वेळ वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या आयुष्यभराचा शाप कसा होतो, हे मेरी शेलीनं एका मापातून दाखवलं आहे.

शेवटची रात्र नोव्हेंबरची. रात्रीचा एक वाजलाय, तावदानांवर पाऊस पडतोय, मेणबत्ती संपत आलीय. ‘जीवनाची साधनं’ भोवती मांडून निर्जीव देहात ‘अस्तित्वाची ठिणगी’ घालायची, एवढंच वर्णन आहे. मग मिणमिणत्या उजेडात तो पिवळा डोळा उघडतो. ना विजांचा कडकडाट, ना यंत्रांचा खडखडाट. देह असलेलं टेबल छतापर्यंत वर नेऊन वीज घेणं ही १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटाची देणगी.

विजेचा तर्क मात्र चुकीचा नाही. पंधराव्या वर्षी व्हिक्टरनं घरापासून वीसेक यार्डांवरचं ओकचं झाड विजेनं जळून गेलेलं पाहिलेलं असतं. बेडकाच्या पायांना विजेनं आचके देणाऱ्या गॅल्व्हानीचा प्रबंध १७९१ चा. त्याचा भाचा आल्दिनी यानं १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेतातून वीज सोडली, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. कादंबरीतल्या त्या उघडणाऱ्या डोळ्याजवळ हा प्रयोग ठेवून पाहा.

प्रश्न : १८१८ ची आवृत्ती वाचावी की १८३१ ची? हातातली प्रत कुठली हे ओळखायचं कसं?

आधी १८१८ ची. ती तीन खंडांत, ५०० प्रतींत, लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. १८३१ ची एका खंडात, सुधारून, नव्या प्रस्तावनेसह.

ओळखायची सोपी खूण प्रकरणांची. क्रमांक १ ते २४ सलग असतील तर १८३१. तीन खंड असून प्रत्येक खंडात प्रकरण पुन्हा १ पासून सुरू होत असेल तर १८१८. फक्त प्रस्तावनेवर विसंबू नका, कारण १८१८ चा मजकूर छापणारे बरेच प्रकाशक १८३१ ची प्रस्तावना परिशिष्टात जोडतात. पक्की खात्री एलिझाबेथवरून होते : ती व्हिक्टरची आत्तेबहीण असेल तर १८१८, इटलीतल्या गरीब कुटुंबाकडून आणलेली अनाथ मुलगी असेल तर १८३१.

फरक अर्थाचाही आहे. १८३१ मध्ये व्हिक्टर वारंवार नियतीकडे बोट दाखवतो. १८१८ मध्ये निर्णय त्याचे आहेत आणि जबाबदारीही त्याचीच. आमच्या मते पुस्तकाचा कणा तिथे ताठ आहे.

प्रश्न : माणसानं देवाच्या कामात हात घालू नये, हाच कादंबरीचा बोध ना?

हा अर्थ पुस्तकाला बऱ्याच अंशी नंतर चिकटला. १८२३ च्या त्या नाटकाचं नावच ‘उद्धटपणा’ या अर्थाचं होतं. १८३१ च्या प्रस्तावनेत खुद्द मेरी शेलीनं निर्मात्याच्या यंत्रणेची नक्कल करणं भयंकर ठरेल, असं लिहिलं. म्हणून हा अर्थ निराधार म्हणता येत नाही. पण कथेत अपराध नेमका कुठे घडतो ते पाहा.

डोळा उघडल्यावर व्हिक्टर खोलीबाहेर पळतो आणि कपड्यांनिशी अंथरुणावर पडतो. दुःस्वप्नातून दचकून जागा होतो तर तो जीव पलंगाचा पडदा बाजूला करून उभा. तोंडातून काही अस्फुट आवाज निघतायत, गालांवर हसण्याच्या सुरकुत्या आहेत आणि एक हात पुढे आलेला आहे. तान्ह्या मुलाला यापेक्षा वेगळं काय येतं? व्हिक्टर पुन्हा पळतो आणि उरलेली रात्र अंगणात फेऱ्या मारत काढतो. घडवायला दोन वर्षं, टाकून द्यायला काही क्षण. धाकटा भाऊ विल्यम, फाशी गेलेली निरपराध मोलकरीण जस्टिन, मित्र क्लेरव्हाल, नवरी एलिझाबेथ, हे सगळे मृत्यू या टाकण्यातून निघतात.

१८१८ च्या मुखपृष्ठावर मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या दहाव्या सर्गातल्या ओळी आहेत. त्यांत ॲडम देवाला विचारतो, मातीतून मला माणूस कर म्हणून मी तुला विनवलं होतं का? प्रश्न निर्मिलेल्याचा आहे, निर्मात्याला विचारलेला. आल्प्समध्ये माँतांव्हेरच्या हिमनदीजवळ व्हिक्टर आणि तो जीव यांची भेट होते, तेव्हा कुठे निर्मात्याचं आपल्या निर्मितीशी काही कर्तव्य असतं, हे व्हिक्टरला पहिल्यांदा जाणवतं.

आणि मरताना? वॉल्टनला तो सांगतो, महत्त्वाकांक्षा टाळ. लगेच पुढच्या दमात म्हणतो, पण असं तरी का म्हणू, मी हरलो, दुसरा कुणी जिंकेलही. बोध सांगता सांगता तो मोडणारं हे वाक्य लेखिकेनं जाणूनबुजून ठेवलं आहे.

प्रश्न : या विषयावर निबंध लिहायचा आहे. फक्त ‘फ्रँकेन्स्टाइन’वर भागेल का? सोबत काय घ्यावं?

एकट्यावर भागतं, पण तुलनेनं निबंध भरदार होतो. दोनच कृती घ्या, जास्त घेतल्या की यादी होते.

पहिली निवड ग्रीक पुराणकथेतला प्रॉमिथ्यूस, कारण कादंबरीचं उपशीर्षकच ‘आधुनिक प्रॉमिथ्यूस’ आहे. इथे विद्यार्थी हमखास घसरतात : ते फक्त देवांकडून आग चोरणारा प्रॉमिथ्यूस सांगतात. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातला प्रॉमिथ्यूस मातीतून माणूस घडवतो, आणि व्हिक्टर दोघांचा वारस आहे. बायरनची ‘प्रॉमिथ्यूस’ ही कविता १८१६ ची, कादंबरी सुरू झाली त्याच उन्हाळ्यातली, आणि मेरीचा नवरा पर्सी शेली याचं ‘प्रॉमिथ्यूस अनबाउंड’ १८२० चं. दोघांनी त्याला जुलमापुढे न वाकणारा वीर केलं. त्याच घरातल्या मेरीनं मात्र या वीराच्या हातून घडलेल्या जीवाची बाजू मांडली. या विरोधावरच अख्खा निबंध उभा राहतो.

दुसरी निवड जर्मन. हॉफमनच्या ‘सँडमॅन’ या कथेत ऑलिम्पिया ही कळसूत्री बाहुली आहे. नाथानाएल तिच्या प्रेमात पडतो, कारण ती फक्त ‘आह’ म्हणते आणि त्याचं सगळं ऐकून घेते. मेरी शेलीचा जीव बोलतो, वाद घालतो, जोडीदार मागतो, म्हणून तो नकोसा होतो. किंवा गटेच्या ‘फाउस्ट’चा १८३२ मध्ये छापलेला दुसरा भाग घ्या. त्यात वाग्नर प्रयोगशाळेत होमुंक्युलस, म्हणजे एक चिमुकला कृत्रिम माणूस, तयार करतो. तो बुद्धिमान आहे, पण काचेच्या कुपीबाहेर जगू शकत नाही. इथे देह अपुरा आहे, व्हिक्टरकडे देह गरजेपेक्षा मोठा.

ऑर्कनी बेटांवरचा प्रसंग सोडू नका. तिथे व्हिक्टर त्या जीवाला कबूल केलेली जोडीदार, म्हणजे दुसरी, स्त्रीरूप निर्मिती अर्धवट असताना फाडून टाकतो, अवशेष टोपलीत दगडांसह भरतो आणि रात्री समुद्रात बुडवतो. परिणामांचा विचार तो पहिल्यांदा इथे करतो, तोही तिची संतती जगाला त्रास देईल या भीतीनं. तिला स्वतःला काय हवं असेल, हा प्रश्न त्याच्या मनात जेमतेम डोकावतो : दुसऱ्यानं केलेला करार ती कदाचित मानणार नाही. ते वाक्य शोधून काढा आणि निबंधात उद्धृत करा.