मुलगा आपली गाणी ऐकत नाही, तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा नववीत, गाण्याचा क्लास तेराव्या वर्षी सोडला, आता सदानकदा कानात हेडफोन आणि तुम्ही भावगीतं लावली की खोलीचं दार बंद. "त्याला चांगल्या गाण्याची गोडी कशी लावू? की हेडफोनच काढून घेऊ?" असं तुम्ही विचारलंय. अहो, दिवसभर जो गाणी ऐकतो त्याला गोडी नाही असं कसं म्हणायचं? तुमची गाणी त्याला आवडावीत, ही खरी तुमची इच्छा. त्याची हमी कुणीच देणार नाही. दोघांनी मिळून ऐकायची सवय मात्र लावता येते, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ झालं.

आधी क्लासचं बघू. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं पेटीची साथ करतोय, आणि तेरा-चौदाव्या वर्षी गळालेली मुलं भरपूर पाहिलीत. आईवडील म्हणतात, मोबाइलमुळे. बऱ्याचदा कारण गळ्यात असतं. मुलग्याचा आवाज फुटतो तेव्हा स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. कालपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, मोकळा गाणारा पोरगा तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, गेला की त्याचा आवाज चिरकतो. शेजारी बसलेल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसतात. क्लासमध्ये सगळ्यांची पट्टी एकच, म्हणजे सुटका नाही. असा मुलगा दोन-तीनदा डोकं दुखतंय म्हणतो आणि मग यायचाच बंद होतो. या दिवसांत पट्टी उतरवायची, मधल्या आणि खालच्या स्वरांत थोडंथोडं गायचं, ताणायचं नाही. आवाज हळूहळू बसतो. तेव्हा एकदा त्याला एकट्याला गाठून विचारा, आवाजामुळे सोडलंस का? चार पाहुण्यांसमोर "म्हण ना रे एखादं" हे तर कटाक्षाने बंद करा. पुन्हा गायचं नसेल तर तबला आहे, गिटार आहे.

शिकवायचं मात्र तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्ही स्वतः गाता म्हणून मुद्दाम सांगतोय. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. थोर शास्त्रीय गायक आणि गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात पंचवटीत आश्रम काढून राहिले. १९३१ साली ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तो विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे, म्हणजे वडिलांच्याच शिष्यांकडे शिकला आणि डी. व्ही. पलुस्कर या नावाने गायक म्हणून गाजला. तिथे नाइलाज होता, पण वडिलांचं गाणं मुलाकडे दुसऱ्यांच्या गळ्यातून पोचलं की नाही? घरच्या माणसाने सूर दुरुस्त केला की तो सूर राहत नाही, ती आईची बोलणी होतात. (डी. व्हीं.ची भजनं घरात लागली तर लागू द्या. 'ऐक, ऐक' म्हणून मागे लागू नका.)

आमच्याकडे जे चाललं ते सांगतो. गाडीत बसलो की एक गाणं मुलीचं, एक माझं. दुसऱ्याचं गाणं मध्येच बदलायचं नाही आणि संपेपर्यंत शेरा मारायचा नाही. त्र्यंबकेश्वरला जाऊन येईपर्यंत दोघांचीही भरपूर होतात. एकदा तिने कुठल्याशा परदेशी बँडचं गाणं लावलं. सवयीने मी मांडीवर केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, धरला, पण तो काही बसेना. दर आवर्तनाला, म्हणजे ठेक्याच्या दर फेरीला, एक मात्रा कमी पडायची. अंजनेरीच्या जवळपास डोक्यात प्रकाश पडला: सात मात्रा! मी रूपक हा सात मात्रांचा ताल मोजायला लागलो, ती ती ना, धी ना, धी ना, आणि ठेका चपखल बसला. मुलगी म्हणाली, "हे काय होतं, परत करा." रूपकात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी येते, तिथे टाळी नसते, हे तिला क्लासमध्ये ऐकून माहीत होतं; त्या दिवशी हाताला कळलं. मग तीच शोधून शोधून विचित्र मोजणीची गाणी आणायला लागली. त्यातली निम्मी मला अजूनही सहन होत नाहीत, आणि हे तिला माहीत आहे. खोटं "वा वा" करू नका, या वयाच्या मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा नेमकं काहीतरी विचारा: हा मागचा आवाज कशाचा, शब्द कोणी लिहिलेत, हे घरी बसून बनवता येतं का? रॅप असेल तर यमकं कुठे पडतात ते ऐका. ओवी आणि पोवाडा ऐकलेल्या कानाला ते फार परकं वाटत नाही.

आणि काही गाणी त्याची त्यालाच ठेवू द्या, प्रत्येक यादीत डोकावू नका. या वयात ऐकलेलं जन्मभर चिकटतं. तुमची भावगीतंही तुम्हाला त्याच वयात चिकटली असणार.

गणपतीच्या आधी तो ढोलपथकाच्या सरावाला जातो म्हणून दहावीच्या काळजीने तुम्ही वैतागलाय. एकदा सराव बघायला जा. ताशाच्या इशाऱ्यावर एवढे ढोल एकदम थांबतात, पुन्हा एकदम उठतात, तेव्हा लय म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. कानात घालायचे बोळे मात्र घेऊन द्या.

राहिले हेडफोन. काढून घेऊ नका, आवाज सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. वर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला मर्यादा घालता येते. ती त्याच्याच हाताने लावून घ्या, आणि तुमच्या फोनलाही त्यालाच लावायला सांगा.