चिऱ्याचं जुनं घर भाड्यानं घेण्याआधी

बाळ,

फोटो बघितले. घर सुंदरच आहे गं, गुहागरच्या बाजूला अशी अख्खी चिरेबंदी घरं आता कमीच राहिलीत, पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागे पडवी आणि न्हाणी, सगळं जागच्या जागी. मी तुला अडवणार नाहीये. पण तू सगळं भाड्याबद्दलच विचारलंयस, किती द्यावं, डिपॉझिट किती, आणि माझ्या मते भाडं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. शाकारणी कोण करणार ते आधी ठरव.

म्हणजे दरवर्षी मे महिन्यात कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा तपासायच्या आणि पाऊस लागायच्या आत सगळं परत चढवायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात एक कौल जरी सरकलेलं राहिलं तरी पाणी वाशावरून भिंतीत उतरतं आणि तुला कळेपर्यंत गणपती येतात. वर माकडं आहेतच, आणि फोटोत माडाचा शेंडा अगदी छपरावर आलेला दिसतोय, त्याचे नारळ वेळेवर पाडून घेतले नाहीत तर काय होईल ते सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे किती घरांची कौलं-पत्रे उडाले आठवतंय ना? शाकारणारी जाणती माणसंही आता कमी झालीत, मे मध्ये सगळ्यांना तोच एक माणूस हवा असतो, त्यामुळे त्याला होळीलाच सांगून ठेवायचं. सामान मालकाचं आणि मजुरी तुझी, किंवा सगळा खर्च भाड्यातून वजा, काय ते करारात लिहून घे. "बघू, करू" वर सही करू नकोस.

मालकांचा पुतण्या आतून सिमेंटचं प्लास्टर मारून देतो म्हणालाय ना, त्याला प्लीज नको म्हण. चिरा म्हणजे जांभा दगड, तो ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो, त्याला श्वास घेऊ द्यावा लागतो, वर सिमेंट बसलं की ओल आतच अडकते, लोणा म्हणजे भिंतीवर मीठ फुटतं, पापुद्रे सुटतात. चुन्याचाच गिलावा हवा, गवंडी शोधायला त्रास होईल पण शोध. वासे, आढं भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, वाळवी असली तर तिथेच सापडेल. आणि जमलं तर जुलैत एक रात्र तिथे राहून मगच हो म्हण, जानेवारीत कुठलंही घर आवडतं.

आता माणसांचं. सातबारा, ८अ म्हणजे खातेउतारा, आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा काढ, त्यातला असेसमेंटचा म्हणजे घरपट्टीचा कागद, तो मालकीचा पुरावा नसतो हे लक्षात ठेव. सातबाऱ्यावर बहुतेक चुलत्यांची रांगच निघेल, एक बोरिवलीला, एक डोंबिवलीला, एक पुण्यात, आणि तुझ्याशी बोलतोय तो त्यातला फक्त एक. बाकीच्यांचं संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

ते कचरतील, तर त्याचा राग मानू नकोस. १९४८ चा कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, कसणारा जमिनीचा मालक झाला आणि ते योग्यच झालं असं मी मानतो, पण घर दिलं की कुळ लागेल, म्हणजे राहणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती इकडे अजून घराघरात आहे. म्हणून तूच पुढे होऊन लिहून दे की फक्त घर आणि खळं वापरणार, जमीन कसणार नाही, आंबा, नारळ, फणसाचं उत्पन्न मालकांचं. एवढ्या एका कलमाने अर्धं बोलणं सोपं होतं.

आणि गणपती! त्या दिवसांत सगळे चाकरमानी त्या घरी येणार, मूर्ती त्याच देवघरात बसणार, शिमग्याला पालखीही खळ्यात येणार. ते त्यांचं मूळ घर आहे, हे भाड्यानं बदलत नाही. कोणते दिवस, कोणत्या खोल्या, स्वयंपाकघर कोणाचं, ते लिहून ठेवा. तू मात्र त्या दिवसांत पुण्याला पळू नकोस, तिथेच रहा, मोदक वळायला बस, वर्षभराची ओळख त्या पाच दिवसांत होते.

करार ११ महिन्यांचा करून नोटरीवर भागवू म्हणतील, तसं नको, रजिस्टरच कर, आता ऑनलाइन होतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं आहे, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलीय. पुढे पाहुणे ठेवायचा विचार असेल तर तेही आत्ताच मालकांच्या कानावर घाल, निवास न्याहारीची नोंदणी त्यांच्या संमतीशिवाय होणार नाही.

विहीर मे मध्ये किती आटते ते मालकाला नाही, शेजारणीला विचार, कातळावरच्या विहिरींचा भरवसा नसतो. वायरिंग पूर्ण नवीन करून घे. रात्री खळ्यात टॉर्चशिवाय उतरू नकोस, आपल्याकडे फुरसं, म्हणजे विषारी साप, फार, आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालू नकोस.

उतारे मिळाले की फोटो पाठव, आणि कराराचा ड्राफ्ट सही करायच्या आधी मला दाखव, शाकारणी आणि गणपती हे दोन पॅरा मी स्वतः वाचणार आहे.

तुझा काका